काठ जवळ आला की...

वाशिमहून सर्वांत जवळचा समुद्र म्हणजे मुंबईचा, आणि तोही गाडीने पाचशे किलोमीटरच्या वर. आपलं पाणी म्हणजे पैनगंगा, अडाण, अरुणावती, फार तर एकबुर्जीचा जलाशय. त्या पाण्याशी आपलं नातं हंड्या-घागरींचं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघण्याचं. त्यामुळे शिडाच्या बोटीवरचा लेख पाहून काही मैत्रिणी हसतील. खुशाल हसा! पण हा विषय मी शोधलेला नाही. बचत गटातल्या बायकांनीच तो माझ्याकडून लिहून घेतला आहे.

त्याचं असं झालं. आठ मार्चच्या आसपास गावोगावच्या गटांमध्ये बोलायला जावं लागतं. दरवर्षी त्याच त्या थोर स्त्रियांची नावं घेऊन मलाच कंटाळा आला होता. म्हणून एकदा 'तारिणी'ची गोष्ट सांगितली. 'तारिणी' ही आपल्या नौदलाची शिडाची बोट. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला सहा महिला अधिकारी तिच्यावरून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. वर्तिका जोशी कप्तान, आणि सोबत प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापती, एस. विजयादेवी, पायल गुप्ता. बोटीवर एकही पुरुष नाही. २१ मे २०१८ ला, म्हणजे २५४ दिवसांनी, त्या गोव्याला परत आल्या. २१,६०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ४० हजार किलोमीटर, आणि तेही वाऱ्याच्या जोरावर.

गोष्ट संपली की बायका टाळ्या वाजवतात, चहा येतो, विषय संपतो. पण मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गटात एक साठीच्या मावशी हात वर करून म्हणाल्या, "ताई, एवढं पाणी पार केलं त्या पोरीईनं. मंग सगळ्यात जास्त भेव कुठं वाटते?"

म्हटलं, "मावशी, दर्यावर्दी लोक म्हणतात, काठाशी."

"बाप्पा! मधात नाई, अन् काठाशी?"

सगळ्या हसल्या. पण मग कोणी उठेना. चहा झाला तरी दीड तास तेच बोलणं चाललं. त्यानंतर ज्या ज्या गटात मी ही गोष्ट सांगितली, तिथे बायकांनी मला याच काठापाशी अडवलं. म्हणून हे सगळं वाचून, माहितगारांना विचारून जमवलं.

पहिली गोष्ट म्हणजे भर समुद्रात आपटायला काही नसतं. खाली तीन-चार किलोमीटर पाणी, भोवती मोकळं. वादळ आलं, तीन मजली घराएवढ्या लाटा आल्या, तरी चांगली बोट ते सोसण्यासाठीच बांधलेली असते. शिडं कमी करायची, दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, कमरेचा पट्टा बोटीला अडकवायचा आणि सोसायचं. सोपं मुळीच नाही. पण चूक झाली तर सुधारायला अवकाश असतो. काठाजवळ तो नसतो. काठाजवळ खडक, वाळूचे उंचवटे, मासेमारीची जाळी, येणारी-जाणारी अजस्र जहाजं. भरती-ओहोटीचा ओढ. डोंगराला वळसा घालून अचानक येणारा वारा. आणि नेमक्या त्याच वेळी माणसं दमलेली असतात. महिनाभर कोणी सलग झोपलेलं नसतं. दर तीन-चार तासांनी पहारा बदलतो, त्यामुळे झोपही तुकड्यातुकड्यांची.

त्यातून बंदर अनोळखी असलं म्हणजे झालंच! आपल्या गावातल्या गल्लीत अंधारातही पाय बरोबर पडतो. उखडलेली फरशी कुठे, नाली कुठे, हे पायाला पाठ असतं. परक्या बंदरात हे पाठांतर कागदावरून करावं लागतं. सागरी नकाशे असतात, त्यावर जागोजाग पाण्याची खोली आकड्यांत लिहिलेली असते. भरतीचं वेळापत्रक असतं. कुठल्या डोंगराचं टोक कुठल्या मनोऱ्याच्या रेषेत आलं की वळायचं, कुठला वारा कुठल्या महिन्यात त्रास देतो, हे सांगणारी पुस्तकं असतात. बंदर यायच्या आधी दोन-तीन दिवस बसून हे सगळं वाचायचं. परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखंच, फक्त टेबल सारखं तिरकं होत असतं.

आता बोटीवर उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र असतं, जीपीएस. ते आपण कुठे आहोत ते सांगतं. पण आज वाळू कुठे सरकली आहे, मासेमाराने जाळं कुठे टाकलं आहे, हे त्याला कुठून कळणार? तिथे डोळेच लागतात. आम्ही काही जणी मालवणला सहलीला गेलो होतो, तेव्हा हे मी प्रत्यक्ष पाहिलं. सिंधुदुर्ग किल्ला अगदी समोर दिसतो, हात लांब केला तर लागेल असा. पण बोट काही सरळ जाईना. डावीकडे, मग उजवीकडे. आमच्यातली एक म्हणाली, हा भाडं वाढवायला फिरवतो आहे की काय! भाडं तर आधीच ठरलेलं होतं. बोटवाल्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "खाली खडक आसत, ताई." त्याची नजर पाण्यावर नव्हतीच. तो मागे किनाऱ्यावरची खूण आणि पुढे किल्ल्याचा बुरूज यांची रेघ जुळवत होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्या खडकांच्या मधोमध किल्ला बांधायला घेतला तो याचसाठी. वाट माहीत असलेल्यालाच आत येता यावं.

परक्या माणसालाही वाट सापडावी म्हणून बंदराच्या तोंडाशी तरंगती पिंपं नांगरून ठेवलेली असतात. एक लाल, एक हिरवं, त्यांच्या मधून जायचं. आपल्याकडे, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, युरोपात आत शिरताना लाल डाव्या हाताला ठेवायचं. अमेरिकेत नेमकं उलटं, लाल उजव्या हाताला! आपला पदर डाव्या खांद्यावर आणि गुजराती पद्धतीचा उजव्या, तसंच हे. दोन्ही बरोबर, पण आपण कुणाच्या घरी आहोत ते लक्षात ठेवायचं. तिथे विसर पडला तर बोट पिंपांच्या चुकीच्या बाजूने जाईल आणि खडकावर चढेल.

मला स्वतःला सगळ्यांत अवघड वाटलं ते वेगळंच. जाणते खलाशी सांगतात की अनोळखी बंदरात रात्री शिरू नये. संध्याकाळी पोहोचलात तर बाहेरच थांबा. शिडं एकमेकांच्या विरुद्ध अशी लावायची की बोट जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते. आणि उजाडेपर्यंत तशीच रात्र काढायची. विचार करा! चाळीस दिवस जमीन पाहिलेली नाही. समोर गावाचे दिवे लुकलुकताहेत. तिथे गरम पाण्याची आंघोळ आहे, न हलणारी खाट आहे, घरी फोन करता येणार आहे. आणि आपण तीन-चार मैलांवर रात्रभर बसून राहायचं. वादळाशी झुंजणाऱ्यांचं कौतुक सगळे करतात. या थांबण्याचं कोणी करत नाही, आणि बातमी तर त्याची कधीच होत नाही.

'तारिणी'ची ठरलेली बंदरं चार होती. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडमधलं लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतलं केप टाउन. त्यांच्या आधी २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे याच चार ठिकाणी थांबत 'म्हादेई' या बोटीने एकटे जग फिरून आले होते. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे या मुलींना त्यांनीच शिकवलं. म्हणजे एका मराठी माणसाच्या कारखान्यातली बोट आणि एका मराठी माणसाची शिकवण. पण हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? असो.

या चारही बंदरांचे स्वभाव वेगळे. फ्रीमँटल हे स्वान नदीच्या मुखाशी. तिथे उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून जोराचा गार वारा सुटतो. उकाड्यातून सुटका करतो म्हणून लोक त्याला 'फ्रीमँटलचा डॉक्टर' म्हणतात. गंमत म्हणजे केप टाउनच्या वाऱ्याचं नावही 'केप डॉक्टर'! तो शहरातली घाण हवा उडवून नेतो म्हणून. पण टेबल माउंटनवरून तो खाली कोसळायला लागला की धक्क्याला लागणाऱ्या बोटीची फजिती करतो. गावासाठी डॉक्टर आणि बोटीसाठी यमदूत. लिटल्टनचं बंदर तर विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात आहे, चारी बाजूंनी उंच कडे. आणि पोर्ट स्टॅन्लीला आधी बाहेरचा मोठा खाडीसारखा भाग लागतो, त्यातून एका अरुंद तोंडाने आत जायचं. केप हॉर्नला वळसा घालून, दक्षिण महासागराचा मार खाऊन जानेवारी २०१८ मध्ये या सहा जणी तिथे पोहोचल्या. आणि तिथे वारा म्हणजे रोजचाच पाहुणा, दार अरुंद आहे म्हणून तो काही थांबत नाही.

शिरण्याआधी विचारायचंही असतं बरं का. आपलीच बोट, आपलाच वारा, म्हणून आत घुसता येत नाही. रेडिओवरून बंदराला सांगायचं, आम्ही कोण, कुठून आलो, किती जण आहोत. ते सांगतील त्या वाटेने, सांगतील त्या वेळी यायचं. डोलकाठीवर त्या देशाचा छोटा झेंडा लावायचा, हा मान देण्याचा रिवाज. आणि सोबत एक पिवळा झेंडा. त्याचा अर्थ, आमच्याकडे रोगराई नाही, आम्हाला उतरू द्या. तपासणी होईपर्यंत कोणी पाय खाली ठेवायचा नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया तर फार कडक. ताजी फळं, भाज्या, बिया, मध यांतलं काही बोटीवरून उतरवू देत नाहीत. परदेशातली कीड आपल्या शेतात नको म्हणून. हे सांगितल्यावर आमच्या एका शेतकरी बहिणीने लगेच मान डोलावली. गुलाबी बोंडअळीने ज्यांचा कापूस खाल्ला त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

या विचारपूस प्रकाराचा एक मजेदार किस्सा आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीने १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला प्रदक्षिणा घातली. अशी ती पहिलीच. त्याची बोट 'सुहैली' आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली! ३१२ दिवसांनी तो इंग्लंडमधल्या फालमथ बंदरात परतला तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठून आलात? त्याने सांगितलं, फालमथहून. खरंच होतं ते! निघाला तिथूनच आणि मधे कुठे टेकलाच नव्हता. याच नॉक्स-जॉन्स्टनकडे नंतर दिलीप दोंदे शिकायला गेले होते.

आता खरी परीक्षा, बोट धक्क्याला लावायची. 'तारिणी' सुमारे १७ मीटर लांब, म्हणजे आपल्या लाल एसटीच्या दीडपट. वजन तेवीस टनांच्या आसपास. हे आकडे सांगून काही होत नाही, म्हणून मी बायकांना म्हणते, बाजार समितीच्या यार्डात सोयाबीनने भरलेला दहाचाकी ट्रक उभा असतो ना, तेवढं वजन समजा. आता तो ट्रक घसरड्या चिखलावर आहे. त्याला अरुंद बोळात, दोन महागड्या गाड्यांच्या मधे, भिंतीला चिकटून लावायचा आहे. आणि...

"आन् तिले बिरेक नसते काय?" हा प्रश्न हमखास येतो.

नसतो! बोटीला ब्रेक नाही. काठाशी येण्याआधी शिडं उतरवून घेतात आणि छोटं इंजिन सुरू करतात. थांबायचं तर इंजिन उलटं फिरवायचं. पण मधल्या वेळात एवढं वजन पुढे सरकतच राहतं. शिवाय उलटं फिरवलं की पंख्याच्या ओढीने बोटीचा मागचा भाग एका बाजूला सरकतो. कुठल्या बाजूला, हे प्रत्येक बोटीचं ठरलेलं. चांगला कप्तान ही खोड ओळखून ठेवतो आणि उलट तिचाच उपयोग करून घेतो. सुकाणूचंही तसंच. पाणी त्याच्यावरून वाहत असेल तरच ते ऐकतं. फार हळू गेलात तर बोट ऐकत नाही, फार जोरात गेलात तर थांबत नाही. आणि वळताना गाडीसारखं पुढचं तोंड आधी वळत नाही. बोटीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. म्हणून पुढे बघून चालत नाही, शेपटी कुणाला लागेल तेही बघावं लागतं. शिडं उतरवली तरी पंचवीस मीटरची डोलकाठी आणि बोटीची बाजू वारा धरतातच.

यावर खलाशांचा एक साधा नियम आहे. जेवढ्या वेगाने धक्क्याला आपटायची तुमची तयारी असेल, त्याहून जास्त वेगाने जवळ जायचं नाही. वारा किंवा पाण्याची ओढ जिकडून येते त्याच्या समोर तोंड करून यायचं, म्हणजे तोच ब्रेक होतो. जमलं नाही तर हट्ट न करता बाहेर पडायचं, गोल फिरून पुन्हा यायचं. धक्क्यावरची माणसं बघताहेत म्हणून रेटायचं नाही. पहिल्या खेपेला जमलं नाही यात काही कमीपणा नाही, हे जिला पटतं ती बोट चांगली लावते, असं एका निवृत्त नौसैनिकाने मला सांगितलं.

धक्क्याच्या बाजूला हवा भरलेले जाड फुगे सोडून ठेवायचे, म्हणजे घासलं तरी बोटीला लागत नाही. दोर आधीच मोकळे करून, गुंता काढून हाताशी ठेवायचे. एक पुढचा, एक मागचा आणि दोन तिरके. हे तिरके दोर महत्त्वाचे, त्यांनी बोट पुढे-मागे सरकायची थांबते. आणि भरती-ओहोटीसाठी दोरात ढील ठेवायची. नाहीतर पाणी उतरलं की बोट दोरांना लटकायची. सर्वांत कडक नियम म्हणजे बोट आणि धक्का यांच्या मधे हात-पाय घालायचा नाही. तेवीस टन हाताने थोपवता येत नाहीत. बोट फुटली तर दुरुस्त होते. उडीही मारायची नाही, बोट टेकल्यावर पायरी उतरावी तसं उतरायचं. आणि बोलायचं एकीनेच. ज्या कप्तान असतील त्यांनी. बाकीच्यांनी आपापल्या जागी उभं राहून आपापलं काम करायचं. लग्नघरात सहा जणी मिळून एकाच वेळी सूचना देतात तेव्हा भाताचं काय होतं ते आपल्याला माहीत आहेच!

हे सगळं झालं चालत्या बोटीचं. 'तारिणी'च्या गोष्टीतला मला सर्वांत जवळचा वाटतो तो भाग मात्र बिघडलेल्या बोटीचा आहे. मार्च २०१८ मध्ये चौथं आणि शेवटचं बंदर केप टाउन सोडलं, आता थेट गोवा. घरचे दिवस मोजायला लागले असतील. आणि हिंदी महासागरात बोटीच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. सुकाणूच्या भरवशावर पुढचे हजारो किलोमीटर जायचे आणि तेच दगा देणार? त्यांनी वाट बदलली. मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जायचं ठरवलं. हे पाचवं बंदर कार्यक्रमात कुठेच नव्हतं. एप्रिलमध्ये बोट तिथे पोहोचली, दुरुस्ती झाली आणि काही दिवसांत त्या पुन्हा निघाल्या.

यात एक गोष्ट बातम्यांमध्ये मागे पडली. पोर्ट लुईस त्यांना अगदीच परकं नव्हतं. परिक्रमेच्या आधी, २०१६ मध्ये, सरावासाठी महिलांचा हाच चमू 'म्हादेई'वरून गोव्याहून पोर्ट लुईसला जाऊन परत आला होता. तेव्हा तो नुसता सराव होता. दोन वर्षांनी, दमलेल्या अवस्थेत आणि बिघडलेल्या बोटीनिशी जावं लागलं ते नेमकं ज्या बंदराचं तोंड आधी पाहिलेलं होतं तिथेच. याला नशीब म्हणायचं का? मला नाही वाटत. नौदलाने या मुलींना एकदम जगाच्या फेरीवर सोडून दिलं नाही. आधी जवळची फेरी, मग लांबची. मौजमजेसारख्या दिसणाऱ्या त्या आधीच्या फेऱ्यांवर कुणी प्रश्न विचारले असते, की कशाला हवा हा खर्च, तर पुढे पोर्ट लुईस कुठून ओळखीचं झालं असतं?

हा प्रश्न माझ्या डोक्यात बसायला एक कारण आहे. आमच्या एका गटातल्या बाईंची मुलगी बारावी झाली आहे. गणित, भौतिकशास्त्र घेऊन. तिला नौदलात अग्निवीर व्हायचं आहे. २०२२ पासून मुलींनाही खलाशी म्हणून हे दार उघडलं. ओडिशात चिल्का इथे प्रशिक्षण असतं, आणि मार्च २०२३ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. घरात मात्र वादळ. वडील म्हणतात, वाशिमच्या पोरीले समुद्र कायले पाहिजे? आईचं वेगळंच. नोकरी चार वर्षांची, त्या काळात लग्न करता येत नाही आणि नंतर सगळ्यांना कायम करत नाहीत. मग पोरगी बावीस-तेवीस वर्षांची होऊन परत आली तर? ही काळजी काही खोटी नाही. त्यांना मी खोटा दिलासाही दिला नाही. अग्निवीर झाली म्हणजे 'तारिणी'वर जाईल असंही नाही. त्या सहा जणी अधिकारी होत्या आणि त्यांची निवड वेगळ्या वाटेने झाली. पदवीनंतर अधिकारी होण्याचा मार्ग आहे, आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही आता मुलींना घेते. तिथली मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. हे सगळं मी आईसमोर मांडलं. पण मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हे की या मुलीने आजवर पाण्यात पायही घातलेला नाही. दरवर्षी गणपती-दुर्गा विसर्जनात, धरणावर, खदानीत कोणी ना कोणी बुडतं. आपण त्यावर उपाय म्हणून मुलींना पाण्यापासून लांब ठेवतो. पोहायला मात्र शिकवत नाही. जवळची फेरीच नाही, मग लांबची कुठून होणार?

दरम्यान समुद्रावरच्या बायका थांबलेल्या नाहीत. २ ऑक्टोबर २०२४ ला 'तारिणी' पुन्हा निघाली. या खेपेला सहा नव्हे, फक्त दोघी. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा अलगिरीसामी. २९ मे २०२५ ला त्या गोव्याला परतल्या. दोघीच असल्यावर धक्क्याला लावताना एक सुकाणूवर आणि एक दोरावर. मग तिसरा हात धक्क्यावरच्या परक्या माणसाचाच. त्याची भाषा कुठलीही असो, दोर फेकला की झेलायचा आणि खुंट्याला गुंडाळायचा, हे त्याला सांगावं लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तर मुंबईच्या गेट वे ऑफ इंडियावरून तिन्ही सेनादलांच्या दहा महिला 'त्रिवेणी' या बोटीवरून जगाच्या फेरीला निघाल्या. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांचं, आणि चमूत ओमिता दळवी, प्राजक्ता निकम. ही आडनावं गटात वाचून दाखवली तेव्हा बायकांच्या चेहऱ्यावरचा भाव बदलला. जोशी, बोड्डापती ऐकताना लांबची गोष्ट वाटत होती. दळवी, निकम म्हटल्यावर ती आपल्या गल्लीत आली.

त्या मुलीला मी एका ओळखीच्या निवृत्त नौसैनिकाकडून दोराच्या चार गाठी शिकून घ्यायला पाठवलं. पोहण्याची सोय होईपर्यंत निदान एवढं तरी. त्यातली 'बोलाइन' नावाची गाठ तिने खाटेच्या सुतळीवर घोटून घोटून पाठ केली. या गाठीचा फास कितीही ओढला तरी आवळत नाही आणि सोडायला गेलं की पटकन सुटतो. बोट खुंट्याला बांधायला हीच वापरतात. मी गेले तेव्हा ती दाराच्या कडीला दोर बांधून दाखवत होती. आई बाजूला तूर निवडत बसलेली, मान वर करून म्हणाली, "हे काय नवीन हाय? गाईच्या गळ्यात दावं असंच बांधते आपन. गळा आवळू नाई म्हणून." आणि हातातलं सूप बाजूला ठेवून तिने ती गाठ मारून दाखवली, लेकीपेक्षा भरभर.

फॉर्म अजून भरलेला नाही. आई म्हणते, सोयाबीन घरात येऊ द्या, मग तिच्या बापाशी बोलतो.